स्पीड भरपूर, तरी कॉल तुटतो: नेटची रांग आपल्या ताब्यात कशी घ्यायची

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. पोचलो तर ऑफिसातल्या टीव्हीवर जर्मनीतल्या खरेदीदार बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजलेल्या. टेबलावर टेरी टॉवेलचे सहा नमुने पसरलेले. कुठला रंग फिका हवाय हे सांगता सांगता बाई अडकल्या होत्या. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ते म्हणाले, "बघा की हो. पन्नासचा प्लॅन आहे. सकाळी झकास चालतंय, संध्याकाळी कॉल लावला की आवाज तुटायलाय. केबलवाला म्हणतोय शंभरचा घ्या."

कॉल बंद करून मी तिथंच स्पीड टेस्ट लावली. डाउनलोड सेकंदाला ४७ मेगाबिट, अपलोड साडेनऊ. म्हणजे प्लॅनप्रमाणे सगळं ठीक. अण्णा माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी लपवतोय.

स्पीड टेस्ट चांगली येते आणि कॉल तुटतो, या दोन्ही गोष्टी एकाच लाइनीवर खऱ्या असतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं काम सोपं आहे. छोट्या ऑफिसात, दवाखान्यात, क्लासमध्ये किंवा घरी हे काम स्वतः करता येतं. एक संध्याकाळ जाते.

रोग काय आहे

स्पीड टेस्ट सांगते की एका सेकंदात किती माल जातो. हा माल बारीक तुकड्यांत जातो, त्यांना पॅकेट म्हणतात. एखाद्या पॅकेटाला निघायच्या आधी किती वेळ ताटकळावं लागतं, तो आकडा वेगळा. आताशा बऱ्याच टेस्टमध्ये लोडेड लेटन्सी म्हणून तोही दिसतो, पण त्याच्याकडं कुणी बघत नाही. सगळ्यांचे डोळे मोठ्या काट्यावर.

आवाजाच्या कॉलचं गणित घ्या. आवाजाचा डेटा करायची पद्धत म्हणजे कोडेक. जी.७११ हा जुना, साधा कोडेक धरला तर दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट निघतं, सेकंदाला ५०. हेडर, म्हणजे पॅकेटावरची पत्त्याची चिठ्ठी, धरून एकेक पॅकेट २०० बाइटचं. सगळं मिळून ८० किलोबिट. १० मेगाबिटच्या अपलोडला हे ओझंच नाही. पण त्याच वेळी अकाउंटच्या मशीनवरून क्लाउड बॅकअप सुटला की तो १५०० बाइटची पॅकेटं धडाधड राउटरपुढं ओततो. लाइनीच्या तोंडाशी जो डबा आहे त्याचा बफर, म्हणजे पॅकेटं थांबवून ठेवायची जागा, १ मेगाबाइटचा असेल, तर त्यात अशी साडेसहाशेच्या वर पॅकेटं मावतात. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. १० मेगाबिटच्या लाइनीतून ते बाहेर पडायला ०.८ सेकंद लागतात. आवाजाचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं. बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. इथं एका डब्यातच ८०० झाले.

या फुगलेल्या रांगेला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या नेटवर हा त्रास मोजला आणि हे नाव चालू झालं. मेमरी स्वस्त झाली तसे डबे बनवणाऱ्यांनी बफर मोठे केले. एकही पॅकेट गळू नये हा हेतू चांगला होता, पण गळती थांबली आणि रांगा लांबल्या.

सोलापूरकराला हे समजवायला वेळ लागत नाही. पाणी आपल्याकडं रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीत एकानं थेट लाइनीला मोटर लावली की पुढच्या चार घरांचे नळ फुसफुसतात. उजनीतून पाणी कमी सुटलेलं नसतं, एक जण जोरानं ओढत असतो. बॅकअप म्हणजे ती मोटर. प्लॅन वाढवला तर पाइप जाड होतो आणि मोटर तेवढं जास्त ओढते. शिवाय बऱ्याच प्लॅनमध्ये जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा असतो आणि अपलोड जिथल्या तिथं राहतो. अण्णांचं नेमकं तसंच होतं.

प्लॅन वाढवायची वेळ कधीच येत नाही असं नाही. ५ मेगाबिटच्या अपलोडवर एकाच वेळी चार व्हिडिओ कॉल चालवायचे असतील तर कुठलीही युक्ती पुरणार नाही. पण तो निर्णय मोजून झाल्यावर घ्यायचा.

आधी मोजा, मग हात लावा

लॅपटॉप केबलनं राउटरला जोडा. वायफायवर मोजाल तर लाइनीचा दोष आणि वायफायचा दोष एकमेकांत मिसळतील आणि तुम्ही दोन दिवस भलत्याच मागं धावाल.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग ही कमांड, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी, हायफन-टी लावून दोन खिडक्यांत चालू करा. एक तुमच्या राउटरच्या पत्त्यावर, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१, आणि दुसरी गूगलच्या ८.८.८.८ वर. कुणी काही करत नसताना मिनिटभर बघा. राउटरचं पिंग १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी यायला हवं. ८.८.८.८ चं अण्णांकडं १४ आलं. हा तुमचा मूळ आकडा, कागदावर लिहा.

आता मुद्दाम लाइन भरा. दोनेक जीबीचा एखादा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा आणि पिंगच्या खिडकीकडं बघत बसा. अण्णांकडं १४चे ९०, २५०, मग ६४० झाले आणि तिथंच डुलत राहिले. अण्णा मागं उभे होते. म्हणाले, "अरे, हे तर चढतच चाललंय." अपलोड थांबवला, चार सेकंदांत आकडा परत १४. रोग पकडला गेला. त्याच पद्धतीनं मोठी फाइल डाउनलोड करत मोजा आणि तोही आकडा लिहा.

लोडवर पिंग ३०-४० मिलिसेकंदांनीच वाढत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. तुमचा त्रास वायफायचा, केबलचा नाही तर समोरच्याच्या नेटचा आहे. लाइन रिकामी असतानाही पिंग उड्या मारत असेल किंवा मधेमधे रिक्वेस्ट टाइम्ड आउट येत असेल, तर दोष फायबरच्या जोडात किंवा केबलवाल्याकडं. तो राउटरच्या सेटिंगनं जाणार नाही. तक्रार करताना हे आकडे वेळेसकट पुढं ठेवा. "नेट स्लो आहे" म्हणालात तर "राउटर बंद-चालू करा" एवढंच उत्तर मिळतं.

ही मोजणी त्रासाच्या वेळीच करायची. सकाळी अकराला सगळीकडंच पिंग छान येतं.

मोटर कुणाच्या घरात आहे

प्राधान्यक्रम लावायच्या आधी ओढणारा शोधा. निम्मं काम इथंच होतं. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्कच्या टॅबवर कुठला प्रोग्राम किती पाठवतोय ते दिसतं. मिक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर त्यातला टॉर्च लावला की कुठल्या मशीनवरून किती जातंय ते क्षणात कळतं. साध्या राउटरवरही जोडलेल्या उपकरणांची यादी आणि प्रत्येकाचा वापर बहुधा मिळतो.

अण्णांकडं दोन मोटरी निघाल्या. डिझाइनवाल्या मुलाच्या मशीनवर जॅकार्ड डिझाइनचा अख्खा फोल्डर गूगल ड्राइव्हला जोडलेला होता. दिवसभराचं काम तो घरी जाताना सेव्ह करायचा, म्हणजे सहाच्या आसपास. आपल्याकडं सहा वाजतात तेव्हा जर्मनीत थंडीत दुपारचा दीड आणि उन्हाळ्यात अडीच. जेवून खाली बसलेल्या बाई नेमक्या तेव्हाच कॉल लावणार.

दुसरी मोटर कॅमेऱ्यांची. आठ कॅमेरे, आणि अण्णांचे भाऊ घरी टीव्हीवर ते सगळे पूर्ण स्पष्टतेत बघत बसायचे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६४ या व्हिडिओ आवळायच्या पद्धतीत सहज ४ मेगाबिट घेतो. आठांचे ३२ झाले आणि अपलोड १०. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यात, म्हणजे डीव्हीआरमध्ये, बाहेरून बघण्यासाठी कमी स्पष्टतेची सबस्ट्रीम असते. ती ५१२ किलोबिटवर ठेवली की आठांचे मिळून ४ मेगाबिट. रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर पूर्ण स्पष्टतेतच होतं, त्याला धक्का लागत नाही. भावांना सांगावं लागलं की एखादा कॅमेरा नीट बघायचा असेल तर तेवढाच मोठा करा.

गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह या दोघांच्या संगणकावरच्या प्रोग्रामात अपलोडला मर्यादा घालायची सोय आहे. विंडोज अपडेटलाही डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये मर्यादा घालता येते. हे आधी करा, फुकट आहे. पण एवढ्यावर थांबू नका, कारण पुढच्या महिन्यात नवा मुलगा नवा मोबाइल घेऊन येतो आणि फोटोंचा बॅकअप सुरू होतो. प्रत्येकाच्या दारात जाऊन मोटर काढणं जमत नाही. मुख्य लाइनीवरच व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

व्हॉल्व्ह बसवायला डबा कुठला

केबलवाल्यानं बसवलेल्या ओएनटीत, म्हणजे फायबर जिथं संपते त्या डब्यात, प्राधान्यक्रमासाठी क्यूओएस नावाचं पान असतं. ते बघून बरेच जण खूश होतात. माझं मत विचाराल तर त्यात वेळ घालवू नका. बऱ्याचशांत तीनचार चौकोन टिक करायला असतात आणि लाइनीचा खरा वेग लिहायची जागाच नसते. वेग माहीत नसेल तर रांग कुठं लागते हे त्या डब्याला कळणार कसं?

आपला वेगळा राउटर हवा. दोन रस्ते आहेत. एक, ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणारा राउटर आणि त्यावर एसक्यूएम हे रांग सांभाळणारं पॅकेज. कमी कटकटीचा, घर आणि दहा-पंधरा मशीनच्या ऑफिसला पुरे. दुसरा, मिक्रोटिक. शिकायला जड, पण हवं ते करता येतं. मी ऑफिसात मिक्रोटिक लावतो, घरी ओपनडब्ल्यूआरटी. घरी मला डोकं चालवायचं नसतं.

केबलवाल्याला ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे नुसतं पुढं ढकलण्यापुरता, टाकायला सांगा आणि पीपीपीओईचं, म्हणजे लाइनीच्या लॉगिनचं, यूजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरा. तो तयार नसेल तर ओएनटीच्या मागं आपला राउटर जोडला तरी चालतं, फक्त सगळी मशीन आपल्या राउटरच्या मागंच हवीत. ओएनटीचं वायफाय बंद करायला विसरू नका. नाही तर चार मोबाइल मागच्या दारानं लाइन ओढत राहतील आणि तुमच्या व्हॉल्व्हला त्याचा पत्ताही नसेल.

मुख्य काम: थोडा वेग सोडून द्या

अख्ख्या लेखात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

रांग नेहमी सगळ्यात अरुंद जागी लागते. राउटर ते ओएनटी ही केबल १००० मेगाबिटची, पुढची लाइन १० ची. म्हणजे रांग ओएनटीत किंवा केबलवाल्याकडं लागणार, तिथं तुमची सत्ता चालत नाही. म्हणून आपल्याच राउटरमध्ये मुद्दाम लाइनीपेक्षा किंचित अरुंद तोंड करायचं. मग रांग आपल्या राउटरमध्ये लागते आणि कुणाला आधी सोडायचं ते आपण ठरवतो. याला शेपिंग म्हणतात. ते नसेल तर प्राधान्याचे सगळे नियम कागदावर राहतात, कारण आपल्याकडं रांगच नसते.

किती अरुंद? त्रासाच्या वेळेचा सगळ्यात कमी आकडा घ्या, त्याच्या ९० ते ९५ टक्क्यांवर सुरुवात करा. अण्णांकडं संध्याकाळी अपलोड ९.२ पर्यंत खाली यायचा, मी ८.५ ठेवला. डाउनलोड ४४ पर्यंत यायचा, तिथं ४० ठेवला. अण्णांना हे पटेना. "पैसे पन्नासचे भरायचे आणि चाळीसच वापरायचे?" मी म्हणालो, आधी चालवून बघू, नाही पटलं तर काढू.

डाउनलोडला जरा जास्त सोडावं लागतं, कारण तिकडची पॅकेटं आपल्यापर्यंत पोचल्यावरच आपल्याला दिसतात. आपण ती थोडी अडवली की पलीकडचा सर्व्हर टीसीपी या डेटा पाठवायच्या पद्धतीच्या नियमानं आपोआप हळू पाठवायला लागतो. हा आडवळणाचा ताबा आहे, पण काम करतो.

ओपनडब्ल्यूआरटीवर एसक्यूएमच्या पानात वॅनचा, म्हणजे बाहेरच्या लाइनीचा, इंटरफेस निवडा, पीपीपीओई असेल तर तो. दोन्ही आकडे किलोबिटमध्ये लिहा: ४०००० आणि ८५००. लिंक लेयरच्या टॅबवर ओव्हरहेडला ४४ लिहा. प्रत्येक पॅकेटामागं लाइनीवर जी बाइटची जास्तीची पिशवी चढते तिचा हा अंदाज आहे. थोडा जास्त धरला तर बिघडत नाही, कमी धरला तर बिघडतं.

इथं हमखास दोन चुका होतात. मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक आहे. आणि दिशा. मी एकदा एका क्लासमध्ये एसक्यूएम वॅनऐवजी लॅनच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या, इंटरफेसवर लावून घरी आलो. लॅनकडून बघितलं की चढण ती उतरण होते. पोरांना डाउनलोड ८.५ मिळत होता आणि अपलोडला ४० ची मोकळीक. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन. तेव्हापासून सेटिंग केल्यावर स्पीड टेस्ट लावून दोन्ही आकडे मी ठेवलेल्या मर्यादेच्या किंचित खाली येतात का, हे बघितल्याशिवाय जागेवरून उठत नाही.

तिसरी अडचण चूक नाही, पण चुकीसारखी वागते. राउटरला वेग यावा म्हणून ओपनडब्ल्यूआरटीत फ्लो ऑफलोडिंग आणि मिक्रोटिकमध्ये फास्टट्रॅक असतं. ही पॅकेटांना आडवाटेनं बाहेर काढतात. हार्डवेअर ऑफलोडिंग चालू असेल तर एसक्यूएमला वगळलं जातं आणि फास्टट्रॅक चालू असेल तर मिक्रोटिकच्या सिंपल क्यू या रांगेला. सेटिंग बरोबर, आकडे बरोबर, आणि परिणाम शून्य. ते बंद करा. बंद केल्यावर सगळं काम राउटरच्या प्रोसेसरवर येतं, म्हणून १०० मेगाबिटच्या वर जायचं असेल तर जुना स्वस्त राउटर दमतो. स्पीड टेस्ट मर्यादेच्या खूपच खाली येऊन अडली तर प्रोसेसरचा वापर तपासा.

रांगेत शिस्त कुठली

एका रांगेत सगळ्यांना उभं करण्याऐवजी प्रत्येक संवादाची वेगळी छोटी रांग करायची आणि पाळीपाळीनं एकेकाला सोडायचं. शिवाय ज्या रांगेत पॅकेटं फार वेळ सडतात तिथली काही टाकून द्यायची, म्हणजे पाठवणारा शुद्धीवर येतो. हे काम एफक्यू-कोडेल करतो. त्यातली कोडेलची कल्पना कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली आणि एफक्यू-कोडेल त्याच वर्षी लिनक्समध्ये आला. २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत त्याचा पुढचा भाऊ केक आला. केकमध्ये शेपिंग, रांगा आणि प्रत्येक मशीनला समान वाटा हे सगळं एकत्र आहे. मिक्रोटिकमध्ये हे दोन्ही राउटरओएसच्या सातव्या आवृत्तीपासून मिळतात.

एसक्यूएममध्ये केक निवडा आणि सेव्ह करा. आता परत ती दोन जीबीची फाइल चढवा आणि पिंग बघा. अण्णांकडं मिक्रोटिकवर केकनंच ६४०च्या जागी २२ आले. कुणाला प्राधान्य द्यायचं याचा एकही नियम अजून लिहिलेला नव्हता. बारीक आणि अधूनमधून येणारी पॅकेटं, म्हणजे आवाज, गेम, वेबपानाची पहिली मागणी, या पद्धतीत आपोआप पुढं सरकतात, कारण त्यांची रांगच लागत नाही.

दहापैकी सात ठिकाणी मी इथं थांबतो. पुढचे नियम लिहायचा मोह होतो, पण प्रत्येक नियम म्हणजे सहा महिन्यांनी विसरलेली एक भानगड.

पुढं जायचंच असेल तर

काही ठिकाणी खरोखर वर्ग पाडावे लागतात. अपलोड लहान, व्हिडिओ कॉल रोजचे आणि टॅली दूरच्या सर्व्हरवर, असं असेल तर. अण्णांकडं तसं होतं.

वर्ग चारच ठेवा: कॉल, समोर बसून चाललेलं काम म्हणजे रिमोट डेस्कटॉप वगैरे, इतर सगळं, आणि मागं चालणारं म्हणजे बॅकअप, अपडेट, कॅमेरे. मी एका ठिकाणी अकरा वर्ग पाडलेले पाहिलेत. पाडणाऱ्यालाही ते सांगता आले नाहीत.

मिक्रोटिकच्या क्यू ट्रीमध्ये प्रत्येक वर्गाला दोन आकडे असतात. लिमिट-ॲट म्हणजे हक्काचं, काहीही झालं तरी मिळणारं. मॅक्स-लिमिट म्हणजे इतर गप्प असतील तर कुठवर जाता येईल ते. ८५०० किलोबिटच्या अपलोडची वाटणी मी अशी केली: कॉलला हक्काचे ३०००, कमाल ६०००, प्रायॉरिटी १. रिमोट डेस्कटॉपला हक्काचे १५००, प्रायॉरिटी ३. इतरांना ३०००, प्रायॉरिटी ५. बॅकअप-कॅमेऱ्यांना ५००, प्रायॉरिटी ८. या तिघांची कमाल ८५००. हक्काच्यांची बेरीज ८०००, म्हणजे वरच्या ८५००च्या आत. ही बेरीज वरच्या आकड्यापेक्षा जास्त झाली की हक्क नावालाच उरतो. रात्री कुणी नसताना बॅकअपला अख्खी लाइन मिळते आणि संध्याकाळी तो ५०० वर गुपचूप बसतो.

कॉलला ६०००ची कमाल का घातली? एका व्हिडिओ कॉलला स्पष्टतेप्रमाणे साधारण एक ते चार मेगाबिट लागतात. पहिल्या नंबरच्या वर्गाला मोकळं सोडलं आणि त्यात चुकून एखादी मोठी फाइल शिरली, तर बाकीचे उपाशी मरतात. व्हीआयपी दर्शनाच्या रांगेला पासांची मर्यादा नसेल तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक वर्गाच्या आत क्यूचा प्रकार एफक्यू-कोडेल ठेवा, म्हणजे वर्गातल्या वर्गातही दांडगाई होत नाही.

आता पॅकेट कुठल्या वर्गाचं हे ओळखायचं कसं? पोर्टावरून, म्हणजे प्रत्येक सेवेच्या दार-नंबरावरून, ओळखायचे दिवस संपत आलेत. यूट्यूबही यूडीपी या पाठवायच्या पद्धतीच्या ४४३ वर येतं आणि इतर हजार गोष्टीही. पण कॉलवाल्यांचे काही पोर्ट ठरलेले आहेत: झूमचे यूडीपी ८८०१ ते ८८१०, टीम्सचे ३४७८ ते ३४८१, गूगल मीटचे १९३०२ ते १९३०९ आणि ३४७८. रिमोट डेस्कटॉप ३३८९. बॅकअपसाठी मी पोर्टाच्या नादी लागत नाही. डीव्हीआर आणि डिझाइनचं मशीन यांना राउटरमध्ये ठरावीक पत्ता देऊन टाकतो. डीव्हीआरचं सगळंच मागच्या वर्गात, डिझाइन मशीनचं कॉल सोडून सगळं. मिक्रोटिकच्या मँगल या खुणा लावायच्या पानात आधी कनेक्शनला खूण, मग त्या खुणेवरून पॅकेटाला. प्रत्येक पॅकेट नव्यानं तपासत बसलात तर राउटर घामाघूम होतो.

खुणेची पद्धत

पॅकेटाच्या कपाळावर कुंकू लावायची एक जुनी, अधिकृत सोय आहे, डीएससीपी. आयपी हेडरमधले सहा बिट, म्हणजे ० ते ६३. १९९८ साली हे ठरलं. आवाजाला ४६, त्याला ईएफ म्हणतात. व्हिडिओ कॉलला ३४. मागच्या कामाला ८. टेबलावरचे आयपी फोन बहुधा आपणहून ४६ लावतात. केकमध्ये डिफसर्व्ह४ निवडलं की तो या खुणा वाचून चार वर्ग करतो. त्यात आवाजाचा वाटा पाव लाइनीपर्यंतच अग्रक्रमानं जातो, त्याच्या वर गेला की अग्रक्रम सुटतो. लबाडी करून सगळ्याला ४६ लावणाऱ्याचं तिथं फावत नाही.

विंडोज प्रोच्या ग्रुप पॉलिसीत पॉलिसी-बेस्ड क्यूओएस आहे. त्यात प्रोग्रामच्या नावावरून खूण लावता येते आणि पाठवायचा वेग बांधताही येतो. एक मेख मात्र आहे. जे मशीन डोमेनमध्ये, म्हणजे कंपनीच्या मुख्य सर्व्हरच्या ताब्यात, नाही, आणि आपल्याकडची छोटी ऑफिसं बहुतेक तशीच, तिथं रजिस्ट्रीत नेटवर्कची ओळख तपासू नको अशी एक नोंद केल्याशिवाय खूण उमटतच नाही. मी यावर एक अख्खी दुपार घालवलीय.

ही खूण तुमच्या राउटरपर्यंतच कामाची. बाहेर केबलवाल्याच्या जाळ्यात ती पुसली जाते किंवा कुणी बघत नाही, म्हणून डाउनलोडच्या बाजूला खुणांवर भरवसा न ठेवता समान वाट्यावरच भागवा. काही जण विचारतात, हे नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे नेटवर सगळ्यांना समान वागणूक या तत्त्वाच्या, विरुद्ध नाही का? नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाचा २०१६चा भेदभाव करणाऱ्या दरांविरुद्धचा नियम आणि सरकारनं २०१८ मध्ये मान्य केलेली तत्त्वं सेवा देणाऱ्या कंपनीसाठी आहेत. आपल्या घरात कुणाला आधी वाढायचं हे आपलं आपण ठरवायचं.

वायफायचा भाग वेगळा

राउटर-टीव्ही-लॅपटॉप हे त्रिकूट वायफायवर असेल आणि मधे पत्र्याची शेड नाही तर दोन भिंती असतील, तर वरची सगळी मेहनत वाया. हवेतली रांग राउटरच्या व्हॉल्व्हला दिसत नाही. कॉलच्या मशीनला केबल ओढा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. ते जमत नसेल तर पाच गिगाहर्ट्झवर आणा. डब्ल्यूएमएम हे सेटिंग कुणी बंद केलं असेल तर चालू करा. आवाज, व्हिडिओ, साधं आणि मागचं असे हवेतले चार वर्ग तेच सांभाळतं, आणि ते बंद असेल तर वायफायचा वेग ५४ मेगाबिटच्या जुन्या काळात जातो.

ऑफिसातल्या स्विचचं ८०२.१पी वगैरे प्राधान्य तीस-चाळीस फोन असतील तेव्हा बघा. गिगाबिट स्विचवर आठ मशीनची रांग लागत नाही.

बसवून झाल्यावर

त्रासाच्या वेळी परत तीच मोजणी करा. फाइल चढवत, कॅमेरे चालू, कॉल लावलेला. लोडवरचं पिंग मूळ आकड्यापेक्षा १०-१५ मिलिसेकंदांनी वाढलं तर उत्तम. अजून ५०-६० नं वाढत असेल तर शेपरचे आकडे पाच पाच टक्क्यांनी खाली आणा. सपाट झालं की परत थोडे वर न्या आणि जिथं पिंग चढायला लागतं त्याच्या अलीकडं थांबा. मग राउटरच्या सेटिंगचा बॅकअप काढून दोन ठिकाणी ठेवा.

तीन प्रसंगी हे सगळं गुपचूप निकामी होतं. महिन्याचा एफयूपी, म्हणजे पूर्ण वेगाचा ठरलेला डेटा, संपला आणि केबलवाल्यानं वेग २ मेगाबिटवर आणला, तर तुमचा ८.५ चा व्हॉल्व्ह सताड उघडा, रांग परत पलीकडं. लाइन गेली आणि राउटर मोबाइलच्या सिमवर सरकला, तरी तेच. सिमच्या इंटरफेसला वेगळे, कमी आकडे द्या. आणि तिसरा प्रसंग अण्णांकडंच घडला.

दोन महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन. "काका, शंभरचा प्लॅन घेतला, अपलोडपण वाढवून घेतला, तरी चाळीसच येतंय. केबलवाल्याला झापलं, तो म्हणतोय आमच्याकडून शंभर सुटतंय." मी विचारलं, राउटरवर एक पांढरी पट्टी चिकटवलीय, तिच्यावर काय लिहिलंय? मुलानं वाचलं: डाउन ४०, अप साडेआठ. मग फोनवरच संध्याकाळचे आकडे मोजून घेतले, डाउन ९४ आणि अप २९. ८५ आणि २६.५ भरायला लावले, क्यू ट्रीतले हक्काचे आकडे त्याच पटीत वाढवले. पट्टीवरचे जुने आकडे खोडून नवे आणि तारीख लिहायला सांगितली. मागून अण्णांचा आवाज आला, "पेननं लिही रे, पेन्सिल पुसती."